एकच बूट, दोन कोड

मंडळी, पाय मोडल्यावर घालतात तो करडा, अंतराळवीरासारखा दिसणारा बूट पाहिलाय ना? अमेरिकेतल्या मेडिकेअरचं बिल करणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी त्याला एक बारकोड, एक कोड असं ठोकून दिलं होतं. सोपं वाटलं होतं हो! चूक होती.

कारण शोधता शोधता १९६५ पर्यंत मागे गेलो. मेडिकेअरच्या मूळ कायद्यातच पाय, हात, पाठ आणि मानेच्या 'ब्रेस'ची सोय आहे. बूट पैसे मिळवतो तो ब्रेस म्हणून. घोटा मोडलाय, बूट घाला, ठीक. पण तोच बूट मधुमेही माणसाच्या तळव्यावरच्या जखमेवरचा भार कमी करायला दिला, आणि तेवढ्यासाठीच दिला, की तो ब्रेस उरत नाही. मग कोड ए-९२८३, आणि पैसे पेशंटच्या खिशातून. मला हे पचायला जड गेलं, पण नियम असा आहे.

आता दुसरा फाटा. २००३ च्या कायद्याने तयार ब्रेसेससाठी निविदा मागवायची वाट उघडली. मग 'तयार' म्हणजे काय? पेशंटला स्वतः थोडंफार जुळवून घेता येईल, कापायला-वाकवायला जाणकार लागणार नाही, ते तयार. २०१३ पर्यंत हवेच्या बुटाला एल-४३६० आणि बिनहवेच्या बुटाला एल-४३८६ असे दोनच कोड पुरत होते. १ जानेवारी २०१४ पासून त्यांच्या शेजारी एल-४३६१ आणि एल-४३८७ आले, खास तयार मालासाठी. जुने दोन उरले जाणकाराने त्या पेशंटच्या पायाला बसवून दिलेल्या बुटासाठी.

म्हणजे बघा, खोका तोच, बारकोड तोच. कोड ठरतो त्या दिवशी बुटावर काय काम झालं, त्यावर! आणि ते फाइलमध्ये लिहिलेलं हवं. न केलेलं काम दाखवून ४३६० लावणं म्हणजे सरळसरळ खोटं बिल.

असो. शुक्रवारी रात्री तो तक्ता काढून टाकला आणि 'बुटावर काय काम केलं?' अशी सक्तीची चौकट टाकली. टेस्टिंगवाल्याने पहिलं उत्तर टाकलं, 'पट्टे आवळले, हवा भरली.'

४३६१.