पायाच्या दगडापूर्वीं

मंदिराचा इतिहास लिहितांना आपण बहुधा कोनशिलेच्या दिवसापासून आरंभ करितों. ती कोणीं बसविली, आशीर्वाद कोणीं दिला, हें दगडावर कोरलेलें असतें. परंतु त्याआधीं कुदळ घेऊन जे त्या भूमींत उतरले, त्यांची नोंद क्वचितच आढळते. ह्या महोत्सवप्रसंगीं अशाच एका आठवड्याची हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

जर्मनीचे प्रेषित संत बोनिफास ह्यांनीं इ. स. 723 च्या सुमारास गाइस्मार येथील मूर्तिपूजकांचा पूज्य ओक वृक्ष तोडिला, ही कथा सर्वश्रुत आहे. फुल्डा येथील मठाची कथा तितकी प्रसिद्ध नाहीं. बोनिफासांचे शिष्य संत स्टुर्म हे जागेच्या शोधांत गाढवावर बसून एकटेच अरण्यांत हिंडले. रात्र पडली कीं झाडें तोडून ते गाढवाभोवतीं कुंपण घालीत. हेतु हा कीं, श्वापदांनीं त्यास खाऊं नये. अखेर फुल्डा नदीकांठीं जागा सांपडली. फ्रँक राज्याचा कारभारी कार्लोमान ह्यानें तिच्या चहूंकडील चार चार हजार पावलें भूमि दान दिली, आणि इ. स. 744 मध्यें बंधूंनीं तेथें पाऊल ठेविलें.

दोन महिन्यांनीं बोनिफास पुष्कळ माणसें घेऊन आले. माणसें रान तोडूं लागलीं. बोनिफास जवळच्या टेकडीवर प्रार्थनेस बसले. आठवडाभरानें झाडेंझुडपें निघालीं व चुन्याच्या भट्टीची तयारी झाली. मग बंधूंस आशीर्वाद देऊन ते मजुरांसह परतले.

झाड पडलें म्हणजे भूमि मोकळी झाली, असें मात्र नव्हे. बुडखा जमिनींत राहिला तर तो कालांतरानें कुजतो, तेथें पोकळी होते, माती खचते आणि वरची भिंत तडकते. आपल्याकडे तर त्यांत वाळवीही शिरते. म्हणून बुडख्याभोवतीं खणून आधीं आडवीं मुळें तोडावीं, मग सोटमूळ पहारीनें उचकटून काढावें, आणि खड्डा मुरुमानें थराथरानें भरून ठोकून घट्ट करावा. हें काम कष्टाचें. आणि भिंत उभी राहिल्यावर त्याची खूणही उरत नाहीं.

इ. स. 754 मध्यें बोनिफास डोकुम येथें रक्तसाक्षी झाले व त्यांचा देह फुल्डा येथें पुरण्यांत आला. तेथील भव्य मंदिराचें समर्पण 819 मध्यें झालें. त्याच जागीं 1704 ते 1712 ह्या काळांत आजचें कॅथीड्रल उभें राहिलें. स्टुर्मांचे शिष्य एगिल ह्यांनीं आपल्या गुरूंच्या चरित्रांत हा सारा आरंभ लिहून ठेविला. त्यांत बोनिफासांचें नांव आहे, कार्लोमानाचें आहे. त्या आठवड्यांत घाम गाळणाऱ्या एकाही मजुराचें नाहीं.

आपल्या मंदिराच्या पायाखालींही अशींच निनांवी माणसें राबलीं असतील. कोनशिलेवरचीं नांवें वाचतांना त्यांच्यासाठींही एक प्रार्थना करूं या. आणि आपल्या अंतःकरणांत राहून गेलेले जुन्या वैराचे बुडखे ह्या महोत्सवापूर्वीं मुळासकट उपटून टाकूं या. वरवर छाटलेलें पुन्हां फुटतें. दगडावर कोरलें नसलें तरी प्रभूच्या वहींत कोणाचेंही नांव गळत नाहीं.