पायीं पाहिलेलें अचलपूर

शहर पाहावयाचें तर तें पायीं पाहावें, असें आमचें जुनें मत आहे. चीनचा ह्युएनत्संग सातव्या शतकांत वाळवंटें व बर्फाळ डोंगर ओलांडून आला, आणि पुलकेशीच्या महाराष्ट्रांतील लोकांचा मानी स्वभाव टिपून ठेवून परत गेला. परक्या माणसानें इतक्या दूर येऊन आमचा देश पाहिला; आम्हांस मात्र उंबरठ्याजवळचें नगर पाहण्यास सवड होत नाहीं.

अमरावती-अकोल्याकडील कुटुंबें उन्हाळ्यांत चिखलदऱ्यास जातात. वाटेंत परतवाड्यास गाडी थांबते, चहा होतो, आणि गाडी घाटाला लागते. परतवाड्यास लागूनच असलेलें अचलपूर एके काळीं वऱ्हाडची राजधानी होतें, हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. आम्हीहि कित्येक वर्षें तसेच पुढें गेलों. गेल्या माघांत मात्र परतवाड्यास उतरलों आणि पायींच निघालों.

परतवाडा ही मूळची इंग्रजी अमलांतील लष्करी छावणी. अचलपुरांत शिरतांच निराळा काळ सुरू होतो. गल्ल्या वळतात, घरें एकमेकांस खेटतात, आणि एकाएकीं दुल्हा दरवाजाची भक्कम दगडी कमान समोर उभी राहते. तिच्या सावलींत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. "काय हो बुवा, हें गांव कोणीं वसविलें?" असें आम्हीं विचारलें. "एल राजानं. म्हणून त एलिचपूर!" असें उत्तर आलें. शेजारीं बसलेल्या खानसाहेबांनीं हसत पुसलें, "अन् दुल्हा रहमानबाबांचं नाव काहून सोडता?" एल राजाशीं लढावयास गझनीहून एक वीर लग्नाचा मांडव सोडून आला व येथें पडला, म्हणून तो 'दुल्हा', अशी ती कथा आहे. त्याचा दर्गा आजहि भाविकांनीं गजबजलेला असतो.

दोघांच्याहि कथा गोड आहेत. पण गांवाचें नांव त्या दोहींहून निराळी साक्ष देतें. शके ५५३, म्हणजे इ. स. ६३१, हा काल दाखविणारा राष्ट्रकूट नन्नराजाचा एक ताम्रपट बैतूल जिल्ह्यांत तिवरखेड येथें सापडला. तो 'अचलपुराहून' दिलेला आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस हरिषेण नांवाचा जैन कवि चितोड सोडून याच अचलपुरास आला आणि येथें त्यानें अपभ्रंश भाषेंत 'धम्मपरिक्खा' रचली. बाराव्या शतकांत गुजराथेंत बसून प्राकृताचें व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्रानें तर या नांवासाठीं एक स्वतंत्र सूत्र दिलें आहे. 'अचलपुर' शब्दांत च आणि ल यांची अदलाबदल होऊन 'अलचपुर' होतें, असें तें सांगतें. 'एलिचपूर' हें रूप त्या 'अलचपुरा'चेंच पुढचें वळण. तें कोणा राजाच्या नांवावरून पडलें नाहीं, इंग्रजांनीं बिघडविलें नाहीं, मुसलमानांनीं बदललें नाहीं. बोलणाऱ्यांच्या जिभेनें तें घडविलें. आणि मौज अशी कीं, लगतच्याच सूत्रांत हेमचंद्र 'महाराष्ट्रा'चें 'मरहट्ठ' कसें झालें तें सांगतो. ज्या जिभेनें आम्हांस मराठे केलें, तिनेंच अचलपुरास एलिचपूर केलें!

इ. स. १४९० च्या सुमारास बहामनी राज्य मोडूं लागलें, तेव्हां फत्तेउल्ला इमादुल्मुल्क येथें स्वतंत्र झाला. हा पुरुष जन्मानें विजयनगरच्या प्रदेशांतील ब्राह्मण; बालपणींच युद्धांत पकडला गेला आणि वऱ्हाडच्या सुभेदारापाशीं वाढला. जवळच्या गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर विजयनगरचें गंडभेरुंड आजहि कोरलेलें दिसतें. तें पाहतांना मनुष्य धर्म बदलला तरी बालपण विसरत नाहीं, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. त्याच्या वंशाची इमादशाही १५७४ त अहमदनगरच्या निजामशाहीनें बुडविली. पुढें १५९६ त वऱ्हाड अकबराकडे गेलें आणि अकोल्याकडील बाळापुरास महत्त्व चढलें. निजामाच्या अमलांत पन्नी नबाबांनीं अचलपुरास पुनः वैभव दिलें; पण १८०३ च्या डिसेंबरांत गाविलगड पडला, देवगांवचा तह झाला, आणि भोंसल्यांनीं वऱ्हाडवरील हक्क सोडला.

तरीहि अचलपूर मागें पडलें तें लढायांनीं नव्हे, असें आम्हांस वाटतें. १८६० नंतरच्या दशकांत मुंबई-नागपूर लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून गेला. कापूस त्या वाटेनें वाहूं लागला, आणि पैसा कापसाच्या मागोमाग गेला. १९०५ त एलिचपूर जिल्हा अमरावतींत विलीन झाला. मूर्तिजापुराहून अरुंद रुळांची गाडी येथें पोहोंचली ती १९१३ त. लोकांनीं लाडानें 'शकुंतला' म्हटलेली ती गाडीहि आतां बंद पडली आहे. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आम्ही अभिमानानें सांगतों. पण त्या सोन्याच्या झळाळींत कापसापूर्वीचें वऱ्हाड आम्हांस दिसेनासें झालें, ही खरी हानि आहे.

सायंकाळीं गांवाबाहेर हौजकटोऱ्यापाशीं गेलों. कोरड्या पडलेल्या तलावांत तो अष्टकोनी मनोरा एकटाच उभा आहे. पाणी गेलें, तें पाहणारे गेले. इमारत कोणाची तरी वाट पाहत राहिली. चीनमध्यें शीआन नगराचा मिंगकालीन तट राखला गेला, म्हणून त्यावरून आज प्रवासी कोसकोस चालतात. पेकिंगचा तट १९४९ नंतर बहुतेक पाडला गेला, आणि आतां तो चित्रांत पाहावा लागतो. जुनें नगर राखावयाचें तर कायदा हवा, पैसाहि हवा. पण त्याच्याहि आधीं तें येऊन पाहणारा माणूस हवा.

परत निघालों तेव्हां दरवाजाखालचे दोघेहि वृद्ध तेथेंच बसलेले होते. एकाचा एल राजा, दुसऱ्याचा दुल्हा. कमान मात्र दोघांवर सारखीच सावली धरून होती. पुढल्या उन्हाळ्यांत वाचकांनीं चिखलदऱ्यास जरूर जावें. पण परतवाड्यास चहा झाल्यावर एक गाडी सोडून द्यावी, आणि मुलांना घेऊन या कमानीपर्यंत चालत यावें.