न्यायासन आणि अश्रू : टॉल्किनच्या पुराणविश्वातील मर्त्यतेचा प्रश्न

१

माणसाला मृत्यू का, या प्रश्नाला पुराणकथा सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे देतात. एका प्रकारात मृत्यू हा अपराधाचा दंड असतो. दुसऱ्यात तो सृष्टीच्या व्यवस्थेचा भाग असतो. पहिले उत्तर देवाला न्यायाधीश ठरवते, दुसरे व्यवस्थापक. दोन्ही उत्तरांत काही शिल्लक राहते. दंड असेल, तर ज्यांनी अपराध केला नाही त्यांना तो का? आणि व्यवस्था असेल, तर तिचे दुःख ती लावणाऱ्यालाही भोगावे लागते की नाही?

विसाव्या शतकात ज्यांनी व्यक्तिगत प्रतिभेतून एक संपूर्ण पुराणविश्व उभे करण्याचा प्रयत्न केला, त्यांत जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) याचे नाव अग्रभागी आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या त्याच्या कादंबरीकडे सत्तेचे रूपक म्हणून पाहिले गेले. स्वतः टॉल्किनने मात्र आपल्या कथेचा खरा विषय मृत्यू आणि अमरत्व हा आहे, असे एकाहून अधिक पत्रांत नोंदवले. कादंबरीच्या मागे असलेल्या पुराणकथांत हा विषय अधिक उघडपणे येतो. या कथांवर तो १९१६–१७ च्या हिवाळ्यापासून आयुष्याच्या अखेरपर्यंत काम करीत होता. वडील १८९६ मध्ये आणि आई १९०४ मध्ये गेलेली. सोमच्या रणांगणावरून तो आजारी होऊन परतला, त्याच वर्षी, १९१६ मध्ये, त्याचे दोन जिवलग मित्र युद्धात मारले गेले होते. या चरित्रात्मक तपशिलांवरून कथांचा अर्थ लावणे योग्य होणार नाही. पण प्रश्नाची निकड कोठून आली असावी, हे त्यावरून कळते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे : टॉल्किनच्या पुराणविश्वात मर्त्यतेविषयीचा दैवी न्याय ही एक स्थिर भूमिका नाही, तिला इतिहास आहे. सुमारे चाळीस वर्षांत ती निवाड्याकडून आज्ञेकडे आणि आज्ञेकडून संवादाकडे सरकत गेली. पाश्चात्त्य परंपरेत दैवी न्याय निर्णायक, तर भारतीय परंपरेत तो सतत वादविषय, अशी जी ढोबळ विभागणी आपल्याकडे केली जाते, ती या इतिहासापुढे टिकत नाही.

हा इतिहास उपलब्ध झाला तो संपादनामुळे. लेखकाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा ख्रिस्तोफर टॉल्किन याने १९७७ मध्ये ‘द सिल्मरिलियन’ हा एकसंध ग्रंथ सिद्ध केला आणि पुढे १९८३ ते १९९६ या काळात मूळ हस्तलिखितांचे थर उलगडून दाखवणारे बारा खंड प्रसिद्ध केले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा येथे विरोधाने विचार करता येतो. तेथे अनेक हातांनी वाढवलेल्या संहितेच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न होता; येथे एकाच हाताने पुन्हा पुन्हा बदललेल्या संहितेचे सर्व टप्पे राखून ठेवले गेले. १९७७ चा ग्रंथ हाच लेखकाचा अंतिम शब्द मानणारा अभ्यासक त्यामुळे निम्मा प्रश्न गमावून बसतो.

२

या विश्वाची मांडणी थोडक्यात अशी. इलूवातार हा एकमेव परमेश्वर. वालार हे त्याच्या अधीन असलेले सृष्टीचे पालक. एल्फ आणि मानव ही इलूवातारची दोन अपत्ये. एल्फ जगाच्या अंतापर्यंत जगाशी बांधलेले; ते मारले गेले तरी जगाबाहेर जात नाहीत. माणूस मरतो आणि जगाची सीमा ओलांडून जातो. कोठे जातो, हे वालारांनाही ठाऊक नाही. हीच मर्त्यता, इलूवातारने माणसाला दिलेले दान.

पण अगदी आरंभीच्या कथांत, १९२० पूर्वीच्या टिपणवह्यांत, चित्र वेगळे आहे. तेथे मृत माणसांचा निवाडा करणारी एक देवता आहे : फुई निएन्ना. ती मृतांच्या अंतःकरणाचा वेध घेते. काहींना आपल्यापाशी ठेवते. काहींना बाहेर घालवते आणि त्यांना दुष्ट मेल्को आपल्या कारागृहात नेतो. बहुसंख्य लोक एका काळ्या जहाजातून एका धूसर किनाऱ्यावर जाऊन जगाच्या अंताची वाट पाहत राहतात. आणि फार थोड्यांना देवांच्या नगरीत स्थान मिळते. यमसभा, चित्रगुप्ताची वही किंवा मध्ययुगीन ख्रिस्ती कल्पनेतील नरक, शोधनस्थान व स्वर्ग यांची आठवण करून देणारी ही रचना आहे. विशेष म्हणजे मर्त्यता हा माणसाला मिळालेल्या स्वातंत्र्याच्या दानाचाच भाग आहे, ही कल्पनाही याच काळातील सृष्टिकथेत आलेली आहे. दान आणि निवाडा ही दोन्ही उत्तरे एकाच वहीसंग्रहात शेजारी शेजारी नांदतात.

पुढील आवृत्त्यांतून हे न्यायासन नाहीसे झाले. माणसाची मरणोत्तर गती अज्ञात ठेवली गेली. म्हणजे देवाच्या न्यायाचा ताळेबंद वाचकासमोर मांडणे लेखकाने नाकारले. पण निएन्ना गेली नाही, तिचे काम बदलले. आरंभीच्या कथेत ती अश्रूंचे क्षार गाळते आणि निराशेचे काळे ढग विणून जगावर सोडते. ‘द सिल्मरिलियन’मधील निएन्ना स्वतः रडते, जगाच्या प्रत्येक जखमेसाठी शोक करते आणि जे तिचे ऐकतात त्यांना करुणा व धीर शिकवते. पुढे गॅन्डाल्फ म्हणून ओळखला जाणारा ओलोरिन करुणा शिकला तो तिच्यापाशी. न्याय करणारी देवता शोक करणारी झाली, हा बदल पात्ररचनेपुरता नाही. मृत्यूसमोर देवत्वाने कोणती मुद्रा धारण करावी, याविषयीचा तो निर्णय आहे.

३

न्यायाचा प्रश्न मात्र न्यायासन हलवल्याने सुटत नाही. १९३६ च्या सुमारास टॉल्किन आणि सी. एस. लुईस यांच्यात एक गमतीचा करार झाला : लुईसने अवकाशप्रवासाची कथा लिहावी, टॉल्किनने कालप्रवासाची. लुईसचे पुस्तक १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. टॉल्किनची ‘द लॉस्ट रोड’ अपुरी राहिली. पण तिच्यातून नूमेनोर या बुडालेल्या बेटाची कथा जन्मली. अटलांटिसची ही पुनर्रचना १९४६ च्या सुमारास आणि त्यानंतर पुन्हा लिहिली गेली व ‘अकल्लाबेथ’ या नावाने स्थिरावली.

नूमेनोर हे बक्षीस आहे. दुष्टाविरुद्धच्या युद्धात ज्या मानवांनी वालारांना साथ दिली, त्यांना समुद्रात एक बेट आणि इतर माणसांच्या कित्येक पट आयुष्य मिळाले. पहिला राजा एल्रोस पाचशे वर्षे जगला. अट एकच : पश्चिमेला, आपल्या किनाऱ्याची रेषा दृष्टीआड होईल इतके दूर जायचे नाही, कारण त्या दिशेला अमर्त्यांची भूमी आहे. अर्थात बक्षिसातच परीक्षा दडलेली आहे. ज्याला जास्त आयुष्य मिळते त्याला मृत्यू अधिक जाचतो. सौरॉन हा मोहात पाडणारा बेटावर येण्याच्या कितीतरी आधी राजे कुरकुर करू लागतात. वालारांचे दूत येऊन समजावतात की ती भूमी कोणाला अमर करीत नाही, अमर लोक तेथे राहतात म्हणून ती अमर. आणि मृत्यू ही मुळात शिक्षा नव्हे. त्यावर माणसांचा आक्षेप असा की, ज्यांना मरावे लागत नाही ते आम्हाला अंधारावर विश्वास ठेवायला सांगतात.

हा आक्षेप मूर्खपणाचा नाही, आणि कथाही त्याला तसे ठरवत नाही. दूतांचे उत्तर तर्काने सुसंगत आहे, पण ते मरणाराच्या स्थानावरून दिलेले नाही. पुढे घसरण होते : मृत्यूचे भय देहरक्षणाच्या विद्येत, थडग्यांच्या वैभवात, अखेर नरबळीत परिणत होते. शेवटचा राजा आर-फाराझोन आरमार घेऊन निषिद्ध किनाऱ्यावर उतरतो. त्या क्षणी वालार जगाचे शासन खाली ठेवतात आणि इलूवातारला हाक मारतात. इलूवातार जगाचा आकारच बदलतो. अमर्त्यांची भूमी जगाच्या वर्तुळाबाहेर जाते, आरमार गर्तेत पडते आणि बेट बुडते.

दंड राजाला आणि त्याच्या सैन्याला झाला, हे समजण्यासारखे आहे. पण बेटावर राहिलेली मुले, स्त्रिया, वृद्ध? ‘अकल्लाबेथ’ त्यांना विसरत नाही. बळजबरीने जिच्याशी विवाह करून राज्य हिरावले गेले ती राणी तार-मीरिएल शिखराकडे चढत असते आणि लाट तिला गाठते. बळीवर बळी जातो. एलेंडिलच्या घराण्यातील निष्ठावंतांची नऊ जहाजे वाचतात, पण त्यांचे वाचणे राणीच्या बुडण्याचे समर्थन होऊ शकत नाही. संहिता येथे स्पष्टीकरण देत नाही. तिने दिले असते, तर ते बहुधा असह्य झाले असते.

४

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात टॉल्किन पुन्हा मूलभूत प्रश्नांकडे वळला. या काळातील लेखन १९९३ च्या ‘मॉर्गोथ्स रिंग’ या खंडात आहे. त्यांतील दोन संहिता आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली फिन्वे आणि मीरिएल यांची. ही मीरिएल एल्फ आहे, नूमेनोरची राणी नव्हे. पुत्राला जन्म दिल्यावर ती थकून देह सोडते आणि परत येऊ इच्छित नाही. पतीला पुन्हा विवाह करता येईल काय, यावर वालारांची सभा भरते. निर्णय होतो, पण त्याआधी देव एकमेकांशी वाद घालतात. बिघडलेल्या जगात न्याय आवश्यक असला, तरी तो घाव भरून काढत नाही, ही जाणीव त्या चर्चेत स्पष्ट शब्दांत येते. कायदा करणारे येथे कायद्याची मर्यादा स्वतःच मांडतात.

दुसरी संहिता १९५९ च्या सुमाराची, ‘अथ्राबेथ’ म्हणजे वाद किंवा संवाद. एल्फ राजा फिनरॉड आणि मानवकुळातील ज्ञानी स्त्री आंद्रेथ समोरासमोर बसतात. फिनरॉडला वाटते, मृत्यू हे माणसाचे नैसर्गिक दान. आंद्रेथ ते नाकारते : आम्ही मरणासाठी घडवले गेलो नव्हतो, मृत्यू आमच्यावर लादला गेला. म्हणजे ‘अकल्लाबेथ’मध्ये दूतांनी जे अधिकारवाणीने सांगितले, त्यालाच येथे प्रतिवाद मिळतो, आणि तो बंडखोर राजाकडून नव्हे, विचारी स्त्रीकडून. शिवाय ती तटस्थ नाही. तारुण्यात तिने फिनरॉडच्या भावावर, एग्नोरवर प्रेम केले. तो दूर गेला आणि ती वृद्ध होत आहे. फिनरॉड विचारतो, असा दंड यावा असे तुमच्या पूर्वजांनी केले तरी काय? ती उत्तर देत नाही. परमेश्वर स्वतः सृष्टीत येऊन ती दुरुस्त करील, अशी एक जुनी आशा काहींनी जपली आहे, एवढे ती सांगते. पण स्वतः ती तिला घट्ट धरून नाही. वाद निकालात निघत नाही. अखेरीस फिनरॉडपाशी तिला देण्यासारखा न्याय नसतो. असते ती फक्त सोबत आणि आशा.

टॉल्किन श्रद्धावान कॅथलिक होता. या संवादातून ख्रिस्ती अवताराची छाया फार गडद पडते की काय, ही शंका त्यालाही आली होती. पण श्रद्धेच्या उत्तराजवळ येऊनही त्याने आंद्रेथचे दुःख त्या उत्तरात विरघळू दिले नाही, हे लक्षणीय आहे.

५

आता महाभारताकडे पाहता येईल. टॉल्किनवर महाभारताचा प्रभाव होता, असे सुचवण्याचा हेतू नाही. एकाच प्रश्नाच्या दोन हाताळण्या येथे अभिप्रेत आहेत. शांतिपर्वातील कथेत प्रजा वाढून पृथ्वीला भार होतो आणि ब्रह्मदेवाच्या क्रोधाचा अग्नी पेटतो. तो आवरताना एक स्त्री प्रकट होते : मृत्यू. प्राण्यांचा संहार कर, ही आज्ञा ऐकून ती रडते, नकार देते, दीर्घ तप करते. बालकांना, प्रियजनांना मी कशी नेऊ, हा तिचा प्रश्न आहे. अखेर तिला आज्ञा मानावी लागते, पण ओंजळीत धरलेले तेच अश्रू व्याधी होऊन प्राण्यांकडे जातात आणि तिच्या माथी अधर्म येत नाही. निएन्ना आणि मृत्यू या दोघींत व्यवस्थेचे दुःख व्यवस्थेच्या आतच वाहते. फरक असा की, निएन्नाला आज्ञा अंमलात आणावी लागत नाही, मृत्यूला लागते.

आदिपर्वातील अणीमांडव्य त्याहून पुढे जातो. न केलेल्या चोरीसाठी सुळावर चढवलेला हा ऋषी धर्मराजाला कारण विचारतो. लहानपणी कीटकांना काडी टोचल्याचे ते फळ, असे उत्तर मिळते. अपराधाच्या मानाने दंड मोठा, असे ठरवून तो धर्मालाच शाप देतो. धर्म विदुर म्हणून जन्म घेतो. शिवाय चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याला पाप लागणार नाही, अशी मर्यादा तो घालून देतो. मर्त्याने दैवी कायद्यात केलेली ही दुरुस्ती आहे. टॉल्किनच्या विश्वात असे घडत नाही. लूथिएनच्या गीताने मृतांचा नियंता मांडोस द्रवतो, तिला पर्याय मिळतो आणि ती मर्त्यता निवडते; पण तो अपवाद आहे, नियम अबाधित राहतो. तेथे माणूस देवाला दुरुस्त करू शकत नाही, प्रश्न विचारू शकतो.

दोन परंपरांतील खरा भेद हा एवढाच आणि इतका मोठा आहे. एकीकडे निर्णय आणि दुसरीकडे वाद, असा तो नाही. वाद दोन्हीकडे आहे. वाद घालणाऱ्याच्या हाती काय पडते, यात तो आहे : मांडव्याच्या हाती कायदा, आंद्रेथच्या हाती आशा. बुडणाऱ्या तार-मीरिएलच्या हाती दोन्ही नाही. दैवी न्यायाची कोणतीही मीमांसा, मग ती पौर्वात्य असो वा पाश्चात्त्य, अखेर त्या चढावावर, लाट येण्यापूर्वीच्या क्षणी, तपासून पाहावी लागेल.