यूट्यूबवर सबस्क्रायबर वाढले, पण पैसा कुठून येतो? व्हिडिओपासून धंद्यापर्यंतचा हिशोब

नगर तालुक्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांना आज बहुतेक लोक 'आपली आजी' म्हणूनच ओळखतात. नातवाच्या मदतीने त्यांनी गावरान पदार्थांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ चालला आणि चॅनल वर गेलं. पण ऑक्टोबर 2020 मध्ये हेच चॅनल हॅक झालं. लाखो लोक जोडलेलं खातं काही दिवस घरच्यांच्याच हातात नव्हतं. पुढे ते परत मिळालं, पण प्रत्येकाचं मिळतंच असं नाही.

त्याच वर्षी 29 जूनला केंद्र सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं. गावागावांत शेताच्या बांधावर, एसटी स्टँडवर व्हिडिओ करणारी पोरं एका रात्रीत प्रेक्षकांविना राहिली. ज्यांनी आपल्या प्रेक्षकांना आधीच यूट्यूबवर किंवा व्हॉट्सॲपवर बोलावून ठेवलं होतं, ते सावरले. बाकीच्यांना परत शून्यापासून सुरुवात करावी लागली.

व्हिडिओतून धंदा उभा करायचा असेल तर आधी हे ध्यानात घ्यावं लागतं: सबस्क्रायबर कंपनीच्या वहीत असतात, गिऱ्हाईक आपल्या वहीत असतं.

जाहिरातीचे पैसे: सुरुवात इथून, पण इथेच थांबू नये

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी चॅनलला 1,000 सबस्क्रायबर लागतात. त्यासोबत गेल्या 12 महिन्यांत मोठ्या व्हिडिओंवर 4,000 तास पाहणं, किंवा गेल्या 90 दिवसांत शॉर्ट्सवर 1 कोटी व्ह्यूज, यापैकी एक अट पूर्ण व्हावी लागते. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले 55 टक्के चॅनलवाल्याला मिळतात. शॉर्ट्समध्ये निर्मात्यांच्या वाट्याला आलेल्या रकमेतले 45 टक्के. पैसे डॉलरमध्ये मोजले जातात आणि 100 डॉलर जमल्याशिवाय बँकेत येत नाहीत. पहिल्यांदा पत्ता तपासण्यासाठी पोस्टाने पिन येतो. गावाकडे तो यायला वेळ लागतो, कधी येतच नाही, मग परत मागवावा लागतो. पोस्टमनला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

"मोनेटायझेशन चालू करून देतो, पाच हजार द्या" असं सांगणारे फिरत असतात. ही सोय मोफत आहे, अर्ज मोबाईलवरूनच होतो. पैसे देऊन आणलेले सबस्क्रायबर उलट चॅनल अडचणीत आणतात. दुसऱ्याचं गाणं वापरलं तर त्या व्हिडिओचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात, आणि 90 दिवसांत कॉपीराइटच्या तीन तक्रारी लागल्या तर चॅनलच बंद होऊ शकतं.

एवढं सगळं करूनही जाहिरातीचं उत्पन्न स्थिर नसतं. दर आपल्या हातात नाही, व्हिडिओ कुणाला दाखवायचा तेही आपल्या हातात नाही. म्हणून जे या कामात टिकले, त्यांनी जाहिरातीच्या जोडीला स्वतःची काहीतरी वस्तू किंवा सेवा उभी केली. मधुरा बाचल यांनी 2009 मध्ये यूट्यूबवर रेसिपी टाकायला सुरुवात केली, पुढे मराठीत चॅनल केलं, आणि नंतर त्याच नावाने मसाले बाजारात आणले. त्यांच्या हातचं पाहून स्वयंपाक करणाऱ्या बाईला त्यांच्याच मसाल्यावर विश्वास ठेवायला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

मसाल्याच्या पाकिटाचा खरा हिशोब

हिशोब कागदावर मांडल्याशिवाय धंद्यात उतरू नये. समजा, कांदा-लसूण मसाल्याचं पाव किलोचं पाकीट 200 रुपयांना घरपोच दिलं. मिरची, खोबरं, कांदा, कांडप आणि मजुरी मिळून 95 रुपये, पाकीट आणि खोका 15, कुरिअर 50. हातात राहिले 40. महिन्याला 500 पाकिटं गेली तर 20,000 रुपये.

आता यातली 50 पाकिटं 'माल आल्यावर पैसे देतो' म्हणणाऱ्यांनी घेतलीच नाहीत असं धरू. जाण्याचे 50 आणि परत येण्याचे 50, म्हणजे पाकिटामागे 100 रुपये, एकूण 5,000 पाण्यात. विकलेल्या 450 पाकिटांचे 18,000 आले, त्यातून 5,000 वजा, उरले 13,000. तेही पाकीट फुटलं नाही आणि परत विकता आलं तर. दहात एक परत आलं तरी नफ्याचा तिसरा हिस्सा गेला. त्यामुळे ओळखीच्या प्रेक्षकाकडून आधी यूपीआयवर पैसे घेणं यात अवघडून जाण्यासारखं काही नाही. नवख्या दुकानाला लोक आधी पैसे देत नाहीत, रोज व्हिडिओत दिसणाऱ्या ताईला देतात. प्रेक्षक असण्याचा खरा फायदा इथे कळतो.

खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, घरून विकलं तरी. पाकिटावर वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल आणि पत्ता छापावा लागतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. राज्यातल्या राज्यात माल विकताना ठराविक उलाढालीपर्यंत जीएसटी क्रमांक लागत नाही, पण एक पाकीट जरी बेळगावला किंवा पणजीला पाठवलं तरी तो माल राज्याबाहेर गेला, आणि मग नोंदणी लागते. मराठी प्रेक्षक सीमेपलीकडेही आहे, त्यामुळे ऑर्डर येणारच. आधी सीएला विचारून घ्यावं.

थोडेच प्रेक्षक, पण कामाचे

विकायला वस्तूच हवी असं नाही. नाशिक, सांगली भागात द्राक्ष बागायतदार एकरी फी देऊन सल्लागार नेमतात, ही पद्धत जुनी आहे. छाटणीपासून काढणीपर्यंत व्हिडिओ टाकणाऱ्याचे पाच हजारच प्रेक्षक असतील, पण सगळे द्राक्षवाले असतील, तर विनोदी रील्सच्या दोन लाख प्रेक्षकांपेक्षा त्यांची किंमत जास्त. विनोद बघून माणूस हसतो आणि पुढे सरकतो. बागेत डावणी पडली तर तो फोन करतो. मात्र सल्ला देणं वेगळं आणि औषध, बियाणं विकणं वेगळं. विक्रीला कृषी विभागाचा परवाना लागतो, 'माझ्या नंबरवर मागवा' म्हणण्याआधी हे पाहून घ्यावं.

अमेरिकन लेखक केविन केली यांनी 2008 मध्ये असाच हिशोब मांडला होता. हजार खरे चाहते वर्षाला प्रत्येकी 100 डॉलरची खरेदी करत असतील तर कलाकाराचं घर चालतं. आपल्याकडे रक्कम वेगळी असेल, गणित तेच.

कंपनीने फोन फुकट दिला तर

चॅनल वाढलं की दुकानदार, ट्रॅक्टर कंपन्या, खतवाले जाहिरातीसाठी येतात. पैसे किंवा वस्तू घेऊन व्हिडिओ केला असेल तर तसं व्हिडिओत स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये त्याची नियमावली काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वर्षभरात मिळालेल्या वस्तूंची किंमत 20,000 रुपयांच्या वर गेली तर 1 जुलै 2022 पासून 10 टक्के टीडीएस लागतो. म्हणजे ठेवून घेतलेला फुकटचा मोबाईलही उत्पन्नात धरला जातो.

'जाहिरात करा, सोबतची फाईल उघडून अटी वाचा' अशा ईमेलपासून विशेष सावध राहावं. चॅनल चोरण्याची ही नेहमीची वाट आहे. फाईल उघडली की लॉगिन चोरीला जातं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवावं आणि चॅनलचा ईमेल रोजच्या वापरात ठेवू नये.

वही

राहिला प्रश्न गिऱ्हाईक आपल्या वहीत आणायचं कसं. सोपा मार्ग व्हॉट्सॲपचा. प्रत्येक ऑर्डरचं नाव, गाव, नंबर आणि काय घेतलं हे वहीत किंवा शीटमध्ये लिहावं, आणि त्याची एक प्रत मोबाईलबाहेर ठेवावी. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून पाकिटातच चिठ्ठी टाकावी: 'नंबर सेव्ह करा, नवा मसाला कांडला की कळवू.' ज्याला मेसेज नको त्याचं नाव लगेच काढावं. रोज 'शुभ सकाळ' पाठवणाऱ्याचा नंबर लोक ब्लॉक करतात, तसं झालं की वहीतलं तेवढं गिऱ्हाईक गेलं. महिन्याला दोन मेसेज पुरेत, एक नव्या मालाचा आणि एक सणाच्या आधीचा. दिवाळीच्या ऑर्डरी नवरात्रापासूनच घ्यायला लागाव्यात, कारण ऐन सणात कुरिअरवाल्याकडे ढीग साचतो आणि कुरिअर उशिरा पोचलं तरी शिव्या ताईलाच पडतात.