सुट्या भागांचा संगणक : मुंबई उपनगरांतील ग्राहक आणि सुसंगतीचा प्रश्न

१९८१ मध्ये आय.बी.एम.ने वैयक्तिक संगणकाची रचना खुली ठेवल्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांचे सुटे भाग एकत्र जोडणे शक्य झाले. अशा भागांसाठी अंधेरी-बोरिवलीचे ग्राहक लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठीत. ‘सॉकेट ७’च्या मदरबोर्डवर इंटेल व एएमडी या दोहोंचे प्रोसेसर बसत. १९९७ मध्ये मात्र इंटेलने ‘स्लॉट १’ आणला. एएमडीचा १९९९ मधील ‘स्लॉट ए’ दिसण्यास तसाच, परंतु विद्युतरचनेने भिन्न होता. परिणामी प्रोसेसर निवडताच मदरबोर्डही ठरू लागला. खेळांसाठी पहिलाच संगणक जुळविणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबास चुकीची जोडी परवडणारी नव्हती. सारांश, उत्पादकांच्या स्पर्धेमुळे सुसंगती पारखण्याची जबाबदारी ग्राहकावर येऊन पडली.