ताऱ्यांच्या वाटेवरचे मक्तेदार

वस्तुमान असलेली कोणतीही गोष्ट प्रकाशाचा वेग गाठू शकत नाही, हे 1905 मध्ये आइनस्टाइनच्या सिद्धांताने स्पष्ट केले. ताऱ्याताऱ्यांवर साम्राज्ये उभी करू पाहणाऱ्या विज्ञानकथेला त्यामुळे पळवाट शोधावी लागली आणि पुढे रोलप्लेइंग गेमच्या कल्पित विश्वांनी ती वारशाने घेतली. या विश्वांत इंजिनाशेजारी वारंवार एक गूढवादी बसलेला दिसतो. विज्ञान थकते तिथे जादू आणावी लागते, असे त्याचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. मला ते अपुरे वाटते. जादूच हवी असती तर मंतरलेले यंत्रही पुरले असते. माणूस बसवला की वाट त्याच्या ताब्यात जाते, आणि ती कोणाच्या ताब्यात असावी यावरून राजकारण सुरू होते.

याची बीजे खेळांच्या आधीची आहेत. कॉर्डवेनर स्मिथ यांच्या 1950 मधल्या ‘स्कॅनर्स लिव्ह इन व्हेन’ या कथेत प्रकाशवेग ओलांडलेला नाही, पण अवकाशातली वेदना सोसण्यासाठी संवेदना गमावलेल्या माणसांचा एक संघ आहे. त्या वेदनेवर उपाय सापडल्याचे कळताच हा संघ उपाय शोधणाऱ्यालाच ठार मारण्याचा ठराव करतो. फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’मध्ये (1965) विचार करणारी यंत्रे निषिद्ध आहेत. त्यामुळे ‘मसाला’ नावाच्या अमली पदार्थाच्या प्रभावाखाली पुढचे पाहणारे नाविक आणि त्यांचा संघ यांच्याविना सम्राटाचेही सैन्य ग्रहावरून हलू शकत नाही. ‘वॉरहॅमर 40,000’च्या 1987 पासून रचल्या गेलेल्या विश्वात हीच मक्तेदारी रक्तात उतरते. जहाजे ज्यातून प्रवास करतात ती ‘वार्प’ ही दुसरी मिती तिसऱ्या डोळ्याने पाहणारे नॅव्हिगेटर ठरावीक घराण्यांतच जन्मतात. त्यांच्याविना जहाजाला काही प्रकाशवर्षांच्या छोट्या उड्या मारत रखडावे लागते.

सर्वांत बोलका पुरावा मात्र बिल ब्रिजेस आणि अँड्र्यू ग्रीनबर्ग यांच्या ‘फेडिंग सन्स’चा (1996). तिथे ताऱ्यांमधला प्रवास प्राचीन, लुप्त संस्कृतीने मागे ठेवलेल्या जंपगेटमधून होतो. सुरुवातीच्या प्रवाशांना त्या क्षणी विलक्षण समाधीसुखाचा अनुभव येई. त्याला ‘सॅथ्रा परिणाम’ म्हणतात. त्याच्या ओढीने पुन्हा पुन्हा उडी घेणाऱ्यांचा एक पंथच तयार झाला. सत्तेने तो चिरडला आणि जहाजांवर तो अनुभव दाबणारे डॅम्पर बसवले. गेट उघडणाऱ्या जंपकीचा व्यवहार चॅरिओटिअर संघाच्या हाती राहिला. म्हणजे तंत्रज्ञान इथे गूढतेची जागा घेत नाही, तिच्यावर पहारा ठेवते. साक्षात्कार बंद पडला, वाहतूक चालू राहिली. धर्म, राज्य आणि व्यापार यांच्या नात्याचा इतका नेमका इतिहास फारच थोड्या कल्पित विश्वांना लिहिता आला आहे.

यावर ‘ट्रॅव्हलर’चा दाखला दिला जाईल, आणि आक्षेप वजनदार आहे. मार्क मिलर यांच्या 1977 च्या या खेळात एक ते सहा पार्सेकची उडी सुमारे एका आठवड्यात पुरी होते. इंधन आणि नकाशा पुरतो, समाधी लागत नाही. पण तिथे मक्तेदाराचे काम अंतर करते. बातमी जहाजापेक्षा वेगाने जात नाही, म्हणून सीमेवरच्या सरदाराला राजधानीच्या हुकमाची वाट न पाहता निर्णय घ्यावे लागतात. शिवाय त्या साम्राज्यातही अतींद्रिय शक्ती बाळगणारे आहेत आणि त्यांचे दमन झालेले आहे. फक्त त्यांना इंजिनापासून दूर ठेवले आहे. गूढवादी अपरिहार्य नाही, हे मान्यच. वाटेला काही अडसर मात्र लागतोच, आणि तो माणूस असेल तर त्याच्याशी बोलणी करता येतात.

हे सारे ‘ड्यून’चे अनुकरण आहे, हा दुसरा आक्षेप. उसनवारी उघड आहे, पण खेळात तिचे काम बदलते. कादंबरीतला नाविक बहुतेक पडद्याआड राहतो. ‘वॉरहॅमर 40,000’च्याच विश्वातल्या ‘रोग ट्रेडर’ या 2009 च्या खेळात मात्र नॅव्हिगेटर हे खेळाडूने निवडायचे पात्र आहे. जहाजाच्या मालकाला सनद असली तरी मार्ग शेजारी बसलेल्या दुसऱ्या खेळाडूलाच दिसतो. घराण्याचा स्वार्थ, वार्पमध्ये डोकावण्याची भीती, नकार देण्याची ताकद हे सगळे मग टेबलावर प्रत्यक्ष बोलले जाते. दर वेळी मालकाला त्याची मनधरणी करावी लागते, आणि त्याची किंमत त्याच टेबलावर ठरते.