फळ्याला हात लावण्याचा हक्क : मुलांचे विज्ञान आणि आपल्या वस्त्या

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. शाळांत प्रदर्शने भरतात, पाहुणे फीत कापतात, फोटो निघतात. या प्रदर्शनांत आपल्या वस्त्यांमधली मुले कुठे असतात? बहुतेक वेळा बाके उचलायला, सतरंज्या घालायला, आणि मग रांगेत उभे राहून लांबून बघायला. मांडलेल्या वस्तूंपुढे पाटी असते : हात लावू नये.

ही पाटी आम्हाला नवी वाटत नाही. या देशातल्या मुलांच्या विज्ञानशिक्षणाचा इतिहास हा कोणी कशाला हात लावायचा, याचाच इतिहास आहे, असे आमचे म्हणणे आहे.

जातिव्यवस्थेने डोके आणि हात यांची फाळणी केली. कातडे कमावणाऱ्याला चुना, बाभळीची साल आणि हिरडा यांचे गुण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, पण त्याला अक्षर बंद. ज्याला अक्षर खुले, त्याला कातडे, माती आणि लोखंड यांचा विटाळ. मग प्रयोग करणार कोण आणि तो लिहून ठेवणार कोण? हे फक्त आम्हीच म्हणतो असे नाही. थोर रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय रसायनविद्येचा इतिहास लिहिला, त्यात विज्ञानवृत्तीच्या ऱ्हासासाठी जातिभेदाला जबाबदार धरले आहे.

ही फाळणी शाळेतच मोडली पाहिजे, हे सर्वात आधी ओळखले महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शेतकऱ्याच्या कष्टातून येणारा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, यावर बोट ठेवले. प्राथमिक शाळेत लेखन-वाचन आणि हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे नियम शिकवावेत, अशी मागणी केली. आणि शिक्षक कसा हवा? नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही, असा. शक्यतो कष्टकरी वर्गातून आलेला. आज ज्याला ‘कृतीतून शिक्षण’ म्हणून मिरवले जाते, ते जोतीरावांनी १८८२ साली सांगितले होते.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे बाटतील म्हणून वर्गातली मुले धावली. हा प्रसंग आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. पण फळा हे ज्ञानाचे साधन आहे आणि त्या साधनापर्यंत जाणेच अपराध ठरवले गेले होते, हा त्यातला मुद्दा मात्र निसटतो.

म्हणूनच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेव्हा ऑक्टोबर १९४२ मध्ये दिलेल्या निवेदनात त्यांनी केवळ ‘शिष्यवृत्ती द्या’ एवढेच म्हटले नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना देशातल्या संस्थांत विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकता यावे, म्हणून त्यांनी दरवर्षी २ लाख रुपयांची मागणी केली. परदेशी शिक्षणासाठी वेगळी रक्कम मागितली. कला आणि कायदा यांचे शिक्षण एकवेळ जमेल, पण प्रगत विज्ञान-तंत्रज्ञानाचे शिक्षण आपल्या माणसांना स्वतःच्या खर्चाने परवडणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आता एक सावधगिरीचा इशारा. ‘स्थानिक विज्ञान’, ‘स्थानिक कौशल्य’ हे शब्द गोड आहेत, पण त्यांच्या पोटात सापळाही असू शकतो. १९५३ साली मद्रास प्रांतात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. मुलांनी दिवसाचे थोडे तास शाळेत बसायचे आणि उरलेला वेळ घरी आईबापाचा धंदा शिकायचा. न्हाव्याच्या मुलाने न्हाव्याचा, चांभाराच्या मुलाने चांभाराचा! पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, म्हणत रान उठवले. १९५४ मध्ये राजाजींना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, कामराज आले आणि योजना मागे घेतली गेली. ‘स्थानिक’च्या नावाखाली जात परत येत होती, ती लोकांनी दारातच अडवली.

मग स्थानिक विज्ञान नकोच का? हवे, पण कसे, ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादने दाखवले. १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी १६ माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसले. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर गेला. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला. सहावी ते आठवीची मुले टोळ्या करून स्वतः प्रयोग करत, शेतात जाऊन पिकांचे रोग पाहत, परीक्षेला पुस्तक उघडून बसत आणि प्रयोगाचीही परीक्षा देत. इथेच अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमिती शिकवणारी खेळणी घडवली. महागड्या प्रयोगशाळेची सबब तिथे उरली नाही.

फरक लक्षात घ्या. मद्रासमध्ये मुलाला बापाच्या धंद्याकडे परत पाठवायचे होते. होशंगाबादमध्ये मुलाला गावातून प्रश्न उचलायला शिकवले जात होते. एकाने ‘स्थानिक’ला कुंपण केले, दुसऱ्याने उंबरठा.

पण २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. राज्यभर एकच अभ्यासक्रम हवा, हे कारण पुढे आले. एका आदेशाने ३० वर्षांचे काम शाळांतून बाहेर पडले. यातून आम्ही धडा घेतो तो असा : सरकारकडे मागणी सोडायची नाही, पण सरकारच्या मर्जीवर विसंबूनही राहायचे नाही. जे विज्ञान समाजाच्या स्वतःच्या संस्थेत रुजते, ते आदेशाने सहज उपटता येत नाही.

काही पालक विचारतील, “यातून मार्क मिळणार का?” हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्याच्या घरात पहिलीच पिढी शिकते आहे, त्याला मार्क म्हणजे भाकरी आहे. पण पाठ करून मिळालेले मार्क पुढच्या पायरीवर दगा देतात. स्वतः मोजलेले, जोडलेले, मोडून पाहिलेले आयुष्यभर टिकते.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे बुद्धविहार आहेत, समाजमंदिरे आहेत, ११ आणि १४ एप्रिलच्या जयंत्या आहेत. डीजेच्या खर्चातला छोटा वाटा काढला तरी विहारात विज्ञानाचा कोपरा उभा राहतो. सरळ बाटली कापून मुले पाऊस मोजतील. घरचे वीजबिल वाचून हजार वॅटचे उपकरण तासाला एक युनिट खाते, हे पडताळतील. वस्तीच्या नळाचे पाणी रात्रभर काचेच्या भांड्यात ठेवून तळाचा गाळ पाहतील आणि वॉर्डनिहाय नोंद करून नगरसेवकापुढे ठेवतील. महाडच्या तळ्यावर १९२७ साली आपण पाण्याचा हक्क बजावला. ते पाणी शुद्ध आहे का, हे विचारणे त्याच्या पुढचे पाऊल आहे.

आणि सफाई कामगाराच्या मुलीला गटारात साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू काय करतो हे कळले, की ती तिथे थांबणार नाही. यंत्र असताना माणूस आत का उतरतो, २०१३ चा कायदा असताना उतरवणारे मोकळे का, हेही ती विचारेल. विज्ञान तिला बापाच्या कामाकडे परत नेत नाही. ते काम ज्या व्यवस्थेने बापाच्या गळ्यात बांधले, तिच्यापुढे उभे करते.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की केवळ परंपरा आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. संविधानाच्या कलम ५१-क ने १९७६ पासून वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. कर्तव्य सांगायचे आणि साधन हातात द्यायचे नाही, हा दुटप्पीपणा आता पुरे. विहाराच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एकच पाटी लावा : इथे हात लावा.

जय भीम!